चालू सर्व्हरचं सॉकेट दुसऱ्या प्रोसेसला देताय? या चुका टाळा

लिनक्स सर्व्हरवर नवं व्हर्जन चढवायचंय आणि लोकांची कनेक्शनं तुटता कामा नयेत, तर जुनी प्रोसेस (म्हणजे चालू असलेला प्रोग्राम) युनिक्स डोमेन सॉकेटवरून, म्हणजे एकाच मशीनवरच्या प्रोसेसना जोडणाऱ्या वाटेवरून, सेंडएमएसजी (sendmsg, मेसेज पाठवायचा कॉल) मारते, त्यात एससीएम_राइट्स (SCM_RIGHTS, उघडं सॉकेट मेसेजसोबत द्यायची सोय) लावून आपलं सॉकेट, म्हणजे कनेक्शनचं आपल्याकडचं टोक, नव्या प्रोसेसकडे देते. ऐकायला सोपंय, पण माणसं अडकतात ती ठरलेल्याच जागी.

पहिलं म्हणजे डिस्क्रिप्टरचा (प्रोसेसने उघडलेल्या फाइलची किंवा सॉकेटची खूण) नंबर नुसता आकडा म्हणून पाठवू नका. जुन्या प्रोसेसमधला 7 नव्या प्रोसेसमध्ये भलत्याच फाइलचा असेल नाहीतर कशाचाच नसेल. एससीएम_राइट्सने पाठवलं की कर्नल (लिनक्सचा गाभा) समोरच्याला मोकळा असलेला नंबर देतो, तोच वापरायचा. सोबत निदान 1 बाइट खरा डेटा हवाच, नाहीतर स्ट्रीम सॉकेटवर (सलग डेटा वाहणाऱ्या) लिनक्स डिस्क्रिप्टर पोचवतच नाही, आणि तुम्ही बसता लॉग चाळत. घेणाऱ्याचा कंट्रोल बफर (डिस्क्रिप्टर ज्यात येतात ती जागा) छोटा पडला तर न मावलेले डिस्क्रिप्टर गुपचूप बंद होतात, म्हणून एमएसजी_सीट्रंक (MSG_CTRUNC, काही कापलं गेलं हे सांगणारा) फ्लॅग दरवेळी बघा. एका मेसेजमध्ये 253 च्या वर जात नाहीत, तेवढे लागतायत म्हणजे डिझाइनच पुन्हा बघा खरं तर.

आता खरी डोकेदुखी. पाठवून झालं तरी जुन्या प्रोसेसकडे त्याच सॉकेटची कॉपी उघडीच असते, त्यामुळे नव्या प्रोसेसने क्लोज केलं तरी फिन पॅकेट (कनेक्शन संपलं हे समोरच्याला सांगणारं) जातच नाही आणि क्लायंट आपला ताटकळत बसतो. असं वाटलं तर एसएस -टीएनपी (ss -tnp, चालू कनेक्शनं दाखवणारी कमांड) चालवा, एकाच कनेक्शनपुढे दोन पीआयडी (प्रोसेसचे नंबर) दिसले की चोर सापडला. सेंडएमएसजी यशस्वी झाल्यावर जुन्या बाजूने लगेच क्लोज करा, डिस्क्रिप्टर वाटेत असला तरी कर्नल त्याला धरून ठेवतो. पण क्लोजच हं, शटडाऊन नाही! शटडाऊन केलं तर कनेक्शन दोघांचंही मेलं. आणि क्लोजच्या आधी ईपोलमधून (epoll, कुठल्या सॉकेटवर काही आलं ते सांगणारी लिनक्सची सोय) काढा, कारण दुसरीकडे तेच सॉकेट उघडं असल्यामुळे ईपोल जुन्या प्रोसेसला इव्हेंट देतच राहतो, तेही बंद केलेल्या नंबरचे.

एवढं सगळं बरोबर केलं तरी चालू कनेक्शन देण्यात एक मोठी गोची आहे. जुन्या प्रोसेसने अर्धी रिक्वेस्ट वाचून आपल्या मेमरीत ठेवलेली असते, टीएलएस (कनेक्शनचं एन्क्रिप्शन) लायब्ररीत चालवत असाल तर त्याच्या कीज पण तिथेच, आणि यातलं काहीच डिस्क्रिप्टरबरोबर जात नाही. म्हणून माझं मत विचाराल तर फक्त लिसनिंग सॉकेट (नवी कनेक्शनं घेणारं) द्या, चालू कनेक्शनं जुन्या प्रोसेसला संपवू द्या आणि मग तिला जाऊ द्या. एचएप्रॉक्सी (HAProxy, सर्व्हरवरचा ट्रॅफिक वाटणारा प्रोग्राम) 1.8 पासून रीलोडला हेच करतं, फक्त कॉन्फिगमध्ये स्टॅट्स सॉकेटच्या ओळीत एक्सपोझ-एफडी लिसनर्स (expose-fd listeners) लिहायचं आणि नवी प्रोसेस -एक्स (-x) देऊन चालू करायची; नव्या व्हर्जनमध्ये मास्टर-वर्कर मोड (एक मुख्य प्रोसेस बाकीच्या सांभाळते तो) असेल तर हे आपोआप होतं. तो मोड नसताना ती ओळ राहिली की नव्या प्रोसेसला सॉकेटच मिळत नाहीत, तेव्हा रीलोडला कनेक्शनं पडत असतील तर आधी तीच तपासा.