“इंडियाला व्हिसा लागत नाही” असं पाहुण्याला सांगू नका: गोव्यातल्या घरमालकांनो, या चुका टाळा

पावसाळा सरत आला की मोरजी, हरमल, आगोंद, पाळोळे भागात घरांची रंगरंगोटी सुरू होते आणि बुकिंगचे फोनही. त्या फोनवर एक प्रश्न हमखास येतो: भारतात यायला व्हिसा लागतो का? आणि आपल्यातले कितीतरी जण बेधडक सांगून टाकतात, “नाही लागत, विमानतळावर मिळतो.”

हा गैरसमज येतो कुठून? आपण स्वतः बाहेर फिरून आलेलो असतो. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना ३० दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश दिला. पण ही सवलत त्यांनी आपल्याला दिली आहे, आपण त्यांना तशी दिलेली नाही. क्वालालंपूरहून गोव्यात येणाऱ्याला व्हिसा काढूनच यावं लागतं. रशियन, ब्रिटिश, जर्मन, इस्रायली या सगळ्यांचंही तेच.

व्हिसाशिवाय भारतात येऊ शकणारे देश मोजकेच. नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना व्हिसा नको, मालदीवच्या नागरिकांना पर्यटनासाठी ९० दिवसांपर्यंत नको. श्रीलंका शेजारी असली तरी तिला ही सूट नाही. विमानतळावर उतरल्यावर व्हिसा मिळण्याची सोय आहे, पण ती जपान, दक्षिण कोरिया आणि संयुक्त अरब अमिराती या तीनच देशांच्या नागरिकांना. तीही ठरावीक मोठ्या विमानतळांवरच, आणि दाबोळी किंवा मोपा त्यांत नाहीत. बाकीच्यांसाठी सोपा मार्ग ई-व्हिसाचा, म्हणजे घरबसल्या ऑनलाइन अर्ज करून निघण्याआधीच मिळणाऱ्या व्हिसाचा. ई-व्हिसा हातात असेल तर मात्र आपल्या दोन्ही विमानतळांवर थेट उतरता येतं.

तुम्ही चुकीचं सांगितलंत तर त्याचा फटका गोव्यात बसत नाही. तो मॉस्कोच्या किंवा लंडनच्या चेक-इन काउंटरवर बसतो. व्हिसा नसलेल्या प्रवाशाला विमान कंपनी चढूच देत नाही. तिकीट बुडतं, खोली रिकामी राहते आणि पाहुणा पुन्हा तुमच्याकडे वळत नाही.

ई-व्हिसा काढताना पहिली ठेच लागते ती वेबसाइटवर. सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असतं. शोधयंत्रावर त्याच्याही वर झळकणाऱ्या हुबेहूब दिसणाऱ्या खाजगी साइट भरमसाट पैसे घेतात, आणि काही वेळा हाती काहीच देत नाहीत. योग्य दुवा तुम्हीच पाहुण्याला व्हॉट्सॲपवर पाठवा. अर्ज निदान ४ दिवस आधी हवा. पासपोर्ट किमान ६ महिने वैध असावा आणि त्यात दोन कोरी पानं असावीत. पासपोर्ट क्रमांकातलं इंग्रजी ओ अक्षर आणि शून्य यांची अदलाबदल झाली, आडनाव राहून गेलं, एवढ्यानेही अर्ज अडकतो.

आता तारखा. इथे सर्वांत जास्त घोळ होतो, म्हणून नीट वाचा. ई-टुरिस्ट व्हिसा ३० दिवसांचा, १ वर्षाचा आणि ५ वर्षांचा असा तीन प्रकारचा असतो. ३० दिवसांच्या परवानगीपत्रावर जी मुदत संपण्याची तारीख छापलेली असते, ती मुक्कामाची शेवटची तारीख नव्हे. त्या तारखेच्या आत भारतात पाऊल टाकायचं असतं. ३० दिवस मोजायचे ते भारतात उतरल्या दिवसापासून. १ आणि ५ वर्षांच्या व्हिसाची मुदत मात्र मंजुरीच्या दिवसापासूनच धावू लागते. शिवाय ५ वर्षांचा व्हिसा आहे म्हणून सलग हवं तितकं राहता येत नाही, एका मुक्कामाची मर्यादा वेगळी असते. पाहुणा आल्यावर पासपोर्टवरचा शिक्का बघा आणि जायची तारीख वहीत लिहून ठेवा. ई-व्हिसाची मुदत एरवी वाढवून मिळत नाही.

ब्राझील किंवा अंगोलासारख्या देशांतून येणाऱ्या पाहुण्याला पीतज्वराच्या लसीचा दाखला हवा, आणि लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घेतलेली हवी.

यापुढची चूक परक्यांची नाही, आपल्याच माणसांची आहे, आणि तिचं मला जास्त वाईट वाटतं. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या नात्याने पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेली कितीतरी कुटुंबं आपल्याकडे आहेत. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ प्रमाणे स्वखुशीने दुसरं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. म्हणजे चतुर्थीला किंवा फेस्ताला घरी येणारा तुमचा पुतण्या कायद्याच्या नजरेत परदेशी आहे. “घरीच तर यायचंय” म्हणून जुन्या भारतीय पासपोर्टावर आत शिरणं हा गुन्हा आहे. तो पासपोर्ट सरकारजमा करून दाखला घ्यायचा आणि मग ओसीआय कार्डासाठी, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणाऱ्या कार्डासाठी, अर्ज करायचा. पासपोर्ट रद्द झाल्याने हा दाखला न मिळालेल्या गोवेकरांना २०२४ पासून रद्दीकरणाच्या दाखल्यावरही अर्ज करता येतो. कार्ड हाती येईपर्यंत व्हिसा घेऊनच यावं. आणि कार्ड मिळालं तरी त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही, हे वडीलधाऱ्यांनी आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पाहुणा घरात येण्याआधीपासूनच तुमची जबाबदारी सुरू होते. १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी प्रवाशांसाठी ऑनलाइन ई-अरायव्हल कार्ड आलं आहे. ते येण्याआधीच्या ७२ तासांत भरता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. त्यात भारतातला पत्ता लागतो, म्हणून वाडा, गाव, तालुका, पिनकोड असा पूर्ण पत्ता पाठवा. नुसतं ‘बीचजवळ, गोवा’ चालत नाही. पाहुणा तुमच्या घरी उतरल्यापासून २४ तासांत त्याची माहिती इमिग्रेशनच्या पोर्टलवर चढवायची असते. आपण ज्याला फॉर्म सी म्हणतो तो हाच. त्यासाठी घराची नोंद करून लॉगिन आधीच घ्यावं लागतं, ते सीझन सुरू होण्यापूर्वीच उरका. खोली एकच असली तरी हा नियम चुकत नाही.

पाहुण्याचा पासपोर्ट हरवला तर घाबरून एजंटाकडे धावू नका. आधी पोलिसांत तक्रार, मग त्याच्या देशाच्या वकिलातीकडून तात्पुरतं प्रवासपत्र, मग ई-एफआरआरओवर (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर) देशाबाहेर पडण्याची परवानगी, याच क्रमाने जा. पोर्तुगालची वकिलात पणजीतच आहे, पुष्कळ देशांची मात्र मुंबईला. पाहुणा इस्पितळात असेल आणि मुदत संपत आली असेल, तर मुदत संपण्याआधीच डॉक्टरांचे कागद जोडून ई-एफआरआरओवर अर्ज करा. मुदत उलटून गेल्यावर दंड आणि परवानगी दोन्ही निपटल्याशिवाय विमानात चढता येत नाही. म्हणून परतीचं तिकीट बदलायचं ते परवानगी हातात पडल्यावरच.