होडीच्या डेकवर बोल्ट बसवताना भोकातून पाणी झिरपू नये म्हणून

फायबरच्या होडीवर क्लीट (दोर बांधायचा खुंटा) किंवा रेलिंग बसवलं की कालांतराने बोल्टच्या भोकातून पाणी झिरपतं आणि डेकच्या आतलं प्लायवूड कुजायला लागतं. वरून सीलंट फासून हे थांबत नाही.

१. ८ मिमीच्या बोल्टसाठी आधी १२ मिमीचं भोक पाडा. खालून टेप लावा. आत पातळ एपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारं रेझिन) सोडा, प्लायला पिऊ द्या, मग पावडर घालून घट्ट केलेलं एपॉक्सी काठोकाठ भरा.

२. ते पूर्ण कडक झालं की मधोमध ८ मिमीचं भोक पाडा.

३. भोकाची वरची कड काउंटरसिंक बिटने (कड तिरकी कापणारं ड्रिलचं पातं) थोडी तासा. ही पायरी बरेच जण गाळतात, पण खरं काम हीच करते. त्या खोलगट जागेत सीलंटचं कडं बोल्टभोवती टिकून राहतं. सरळ कडेच्या भोकातून बोल्ट आवळताना ते जवळपास सगळं बाहेर येतं.

४. मरीन सीलंट लावा, खाली मोठा वायसर घाला. बोल्टचं डोकं धरून ठेवा आणि फक्त नट फिरवा. बोल्ट फिरला की सीलंटची पकड सुटते.

बाथरूमचं सिलिकॉन मात्र इथे वापरू नका. त्याचा अंश राहिला की पुढे त्या जागी रंगही धरत नाही.