घाटवाटेवर जीपीएस वापरताय? मग या चुका टाळा

गेली वीस-बावीस वर्षं मी सह्याद्रीत फिरते आहे आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं माझ्या सॅकच्या पट्ट्याला हातात मावणारा जीपीएस लटकतो आहे. यंत्र भरवशाचं आहे. धुक्यात, रात्री, अनोळखी पठारावर त्याने मला अनेकदा सोडवलं आहे. पण दर पावसाळ्यात कुणीतरी सांगतंच, "ताई, जीपीएस होता तरी चुकलो." मी खोलात जाऊन विचारते तेव्हा बहुतेक वेळा असं निघतं की हातात यंत्र होतं म्हणून पायथ्याच्या गावात कुणाला वाट विचारली नव्हती, नकाशा उघडला नव्हता आणि पुढे काय दिसतंय याकडे मान वर करून बघितलंही नव्हतं.

बाण दाखवेल तिकडे चालत सुटणं

माझ्या मते सगळ्यात जीवघेणी चूक हीच. मुक्कामाची खूण (यंत्रात साठवलेली जागा) निवडायची, ‘गो टू’ दाबायचं आणि बाणामागे निघायचं. तो बाण आणि त्याखाली दिसणारं अंतर, दोन्ही सरळ रेषेतलं असतं. मधे कडा आहे, ओढा आहे की कारवीचं रान, याचा त्यात काहीच हिशोब नसतो.

एका जुलैत आम्ही दोघी खांडसहून गणेश घाटाने भीमाशंकरला चढत होतो. पदरवाडीच्या पठारावर पोहोचलो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की दहा पावलांवरचं झाड दिसत नव्हतं. उजव्या अंगाने, कड्याच्या बाजूने, शिट्ट्या ऐकू आल्या. पदरवाडीतल्या एका मामांना सोबत घेतलं आणि आवाजाच्या रोखाने गेलो. सहा मुलं कारवीत अडकली होती. सगळी विशी-पंचविशीतली. भीमाशंकरहून खाली खांडसला उतरायचं, तिथे त्यांची गाडी उभी होती. जीपीएस नवा कोरा, त्यात खांडसची खूण आणि बाण पश्चिमेकडे. दोन तास ते बाणाच्या दिशेने कारवी तुडवत होते. पुढच्या मुलाच्या पायापासून कड्याची कड जेमतेम पंधरा पावलांवर होती आणि त्याला ती दिसत नव्हती. पडद्यावर मात्र ‘अडीच किलोमीटर’ दिसत होतं, म्हणून तो मला म्हणाला, "काकू, आता फार राहिलं नाहीये."

तिथून सुखरूप उतरायचं तर बाण सोडून डावीकडे वळायचं आणि पदरगडाला वळसा घालत गणेश घाटाने जायचं. म्हणजे बराच वेळ बाण एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे. हा वळसा घालताना पडद्यावरचं अंतर मधेच वाढलेलंही दिसतं. घाई असलेल्या माणसाला ते सहन होत नाही. दुसरी वाट शिडी घाटाची. ती जवळची खरी, पण पावसात, थकल्यावर, पहिल्यांदाच जाणाऱ्याने त्या शिड्यांवर उतरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मामांनी त्या मुलांना गणेश घाटाच्या तोंडापर्यंत नेऊन सोडलं. आम्ही वर न जाता त्यांच्याबरोबर खाली आलो.

यंत्रात नकाशा असला की हा धोका टळतो असं समजू नका. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषांमधलं, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधलं, उंचीचं अंतर २० मीटर असतं. पंधरा मीटरचा सरळसोट कातळटप्पा अशा दोन रेषांच्या मधे बेमालूम लपतो, आणि माणूस मरायला पंधरा मीटर खूप झाले.

मी काय करते ते सांगते. आदल्या रात्री नकाशा घेऊन बसते आणि वाटेचे तुकडे पाडते: ओढा ओलांडायची जागा, पदर (कड्याच्या मधला सपाट टप्पा), खिंड, सोंडेचं टोक, शेवटचा झाप (रानातली झोपडी). प्रत्येकाची वेगळी खूण यंत्रात घालते आणि एका वेळी फक्त पुढच्या खुणेकडे चालते. दोन खुणांमधलं अंतर पाचशे मीटरच्या वर जाऊ देत नाही. शिवाय हीच यादी कागदावर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवते. याला तास-दीड तास लागतो. ज्यांना तेवढा वेळ काढायचा नाही त्यांनी वाटाड्या घ्यावा. त्यात कमीपणा कसलाही नाही, गावातल्या माणसाला चार पैसे मिळतात आणि वाटेच्या गोष्टीही कळतात.

यंत्र उशिरा सुरू करणं

जीप थांबली की सॅक पाठीवर, लगेच चाल सुरू आणि जंगलात शिरल्यावर जीपीएस चालू. अशाने यंत्र बराच वेळ चाचपडतं. प्रत्येक उपग्रहाकडून त्याच्या कक्षेची ताजी माहिती अखंड मिळायला तीस सेकंद लागतात आणि सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण यायला साडेबारा मिनिटं. यंत्र महिनोन्‌महिने बंद असेल किंवा लांबच्या प्रवासानंतर पहिल्यांदाच उघडलं असेल तर हे सगळं नव्याने होतं. पायथ्याला, मोकळ्या आभाळाखाली, कट्ट्यावर स्थिर ठेवा आणि तोवर चहा घ्या. उठण्याआधी गाडीच्या जागेची खूण करा.

आकडे चुकीच्या पद्धतीने भरणं

अक्षांश-रेखांश लिहायच्या तीन पद्धती चालतात: नुसते दशांश अंश, अंश आणि दशांश मिनिटं, आणि अंश-मिनिटं-सेकंद. नवख्यांना वाटतं, आकडे तेच, काय फरक पडतो? फरक इथे पडतो.

हरिश्चंद्रगडावर डिसेंबरात आमचा मुक्काम होता. दुसरी तुकडी रात्री पाचनईहून चढणार होती. कोकणकड्याजवळ फोनला जेमतेम रेंज मिळाली तेव्हा मी तंबूची जागा सांगितली, "एकोणीस अंश, तेवीस पॉइंट एक्केचाळीस." पलीकडच्या मित्राने ते १९ अंश २३ मिनिटं ४१ सेकंद असं भरलं. पण ०.४१ मिनिट म्हणजे पंचवीसच सेकंद. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे साधारण १,८५० मीटर, त्यामुळे ती जागा पाचशे मीटर उत्तरेला सरकली. ते पाच जण काळोखात, बोचऱ्या वाऱ्यात दीड तास आमचा तंबू शोधत होते आणि आम्ही अर्ध्या किलोमीटरवर त्यांची वाट बघत बसलो होतो. त्यांच्यातल्या एकाचा पाय घळीत गेला आणि घोटा सुजला. तसूभर अंतरावर कडा नव्हता म्हणून तेवढ्यावर भागलं.

तेच आकडे कुणी १९.२३४१ असे दशांश अंशात भरले असते तर चूक सतरा किलोमीटरची झाली असती, पण ती निदान लगेच लक्षात येते. अर्ध्या किलोमीटरची चूक खरी वाटते, म्हणून ती वाईट. तेव्हापासून आमच्या गटात एकच पद्धत आहे, दशांश अंश, दशांशानंतर पाच आकडे. फोनवर सांगितलं तर समोरच्याने परत वाचून दाखवायचं आणि भरल्यावर नकाशावर जागा पटते का ते बघायचं. हे न करणाऱ्याच्या हाती मी गटाचा जीपीएस देत नाही.

याच घरातली आणखी एक चूक डेटमची, म्हणजे पृथ्वीचा कोणता आकार धरून अक्षांश-रेखांश मोजलेत त्याची. सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीट (नकाशे) एव्हरेस्ट गोलाभावर आधारलेल्या आहेत आणि जीपीएस मुळात डब्ल्यूजीएस ८४ वर चालतो. जुन्या शीटवरून काढलेला बिंदू तसाच भरला तर आपल्या भागात तो शंभर मीटरच्या आसपास सरकतो. घाटमाथ्यावर तेवढ्यात नाळ, म्हणजे कड्यातून उतरणारी अरुंद घळ, चुकते. विभागाच्या नव्या ओपन सीरीज नकाशांना हा त्रास नाही.

उतरवून घेतलेला ट्रॅक डोळे मिटून पाळणं

ट्रॅक म्हणजे यंत्राने नोंदलेली एका माणसाची एका दिवसाची चाल. तो जिथे चुकला तेही त्यात असतं. रेषा एखाद्या ठिकाणी बाहेर जाऊन तशीच परत आलेली दिसली, तर तिथे तो वाट शोधत होता असं समजा. ज्या साइटवरून तो उतरवता ती कधीकधी ट्रॅकमधले बिंदू कमी करून देते, मग वळणं कापली जातात आणि रेषा थेट घळीवरून गेलेली दिसते. नाळेत तर दोन्ही बाजूंच्या कातळांवर आदळून संदेश पोहोचतात, त्यामुळे एरवी पाच मीटरच्या आत असणारी चूक तीस-चाळीस मीटरवर जाते. तिथे रेषा भिंतीतून गेलेली दिसली तरी तुम्ही नाळेतच राहा. पडद्याकडे नको, पायाखालच्या मळलेल्या वाटेकडे आणि दगडांवरच्या खुणांकडे बघा.

बाकीच्या, थोडक्यात

सेल बदलले की होकायंत्र पुन्हा जुळवा. ज्या यंत्रात होकायंत्रच नाही, ते तुम्ही चालत असतानाच दिशा बरोबर दाखवतं, उभं राहून विचारलं तर काहीही सांगतं.

चार्ज होणारे सेल घातलेत तर सेटिंगमध्ये सेलचा प्रकारही बदला, नाहीतर किती चार्ज उरलाय ते चुकीचं दिसतं. जादा जोडी सॅकच्या तळाशी नको, वरच्या कप्प्यात हवी.

यंत्र पॅन्टच्या खिशात ठेवू नका. अंगाने अर्धं आभाळ झाकलं जातं. खांद्याच्या पट्ट्यावर, वर तोंड करून लावा.

हवेच्या दाबावर उंची मोजणारं यंत्र असेल तर पायथ्याला माहीत असलेली उंची भरा. दाब एक मिलिबारने बदलला की उंचीत आठ-नऊ मीटरचा फरक पडतो, आणि पावसाळी दिवसात दाब सारखा बदलतो.

खुणांना ००१, ००२ अशी नावं ठेवू नका. सहा तासांनी धुक्यात ‘०१७’ म्हणजे काय ते आठवणार नाही. ‘आंबा डावीकडे’, ‘पाणी’, ‘चुकीची ढोरवाट’ असं लिहा. चुकीच्या वाटेचीही खूण हवीच, परतताना तीच पुन्हा खुणावते.

परदेशातल्या नातेवाइकाकडून उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र मागवू नका. नुसता जीपीएस चालतो, पण असं यंत्र आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय बाळगता येत नाही आणि विमानतळावर लोक त्यापायी अडचणीत आले आहेत.

आणि स्वतःचा ट्रॅक कुणाला देणार असाल तर आधी तो साफ करा. गाडीचा प्रवास कापा, चुकलेले फाटे काढा, पाण्याच्या आणि कातळटप्प्यांच्या खुणा ठेवा. ‘सोपा आहे, जा बिनधास्त’ एवढंच लिहून पाठवू नका. हा ट्रॅक जानेवारीतला आहे, पावसात तिसऱ्या ओढ्याला पाणी चढलं तर तिथूनच मागे फिरा, इतकं तरी सोबत लिहा.