दहशतवाद पुरस्कर्त्या देशांच्या अमेरिकी यादीतून नाव कसे काढून घ्यावे

आधी वाट ठरवा. अमेरिकी कायद्यात त्या दोनच आहेत. नेतृत्व आणि धोरण मुळापासून बदलले असेल, तर राष्ट्राध्यक्ष तसे अमेरिकी काँग्रेसला प्रमाणित करतात आणि नाव लगेच निघू शकते. दुसऱ्या वाटेला काँग्रेसकडे अहवाल जातो: मागच्या 6 महिन्यांत दहशतवादाला पाठिंबा दिलेला नाही आणि पुढे देणार नाही अशी हमी मिळाली आहे. मग किमान 45 दिवस थांबायचे. क्यूबाचा अहवाल 14 एप्रिल 2015 ला गेला, नाव 29 मेला निघाले. या मुदतीत काँग्रेस संयुक्त ठरावाने आडवी येऊ शकते, पण राष्ट्राध्यक्षांनी नकाराधिकार वापरला तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात.

हे 45 दिवस नेहमी 20 जानेवारीच्या सत्तांतराशी ताडून मोजा. 14 जानेवारी 2025 ला बायडेन यांनी, मधल्या काळात पुन्हा यादीत आलेल्या क्यूबाचे नाव काढण्याची प्रक्रिया सुरू केली आणि 20 तारखेला ट्रम्प यांनी ती रद्द केली. सुदानची मुदत मात्र 14 डिसेंबर 2020 ला पुरी झाली होती, म्हणून त्याचे नाव सुटले.

खरी कसोटी पीडितांच्या दाव्यांची असते, आणि ती असायलाच हवी. यादीतल्या देशाला दहशतवादाच्या खटल्यांत अमेरिकी न्यायालयांपुढे सार्वभौम संरक्षण, म्हणजे परक्या देशावर खटला चालवता येत नाही ही सवलत, मिळत नाही. नाव निघाले तरी आधी दाखल झालेले खटले आपोआप संपत नाहीत. केनिया आणि टांझानियातल्या दूतावासांवर 1998 मध्ये झालेल्या स्फोटांसह जुन्या दाव्यांसाठी सुदानने 33.5 कोटी डॉलर भरले. ते लगेच वाटले गेले नाहीत. संरक्षण परत देणारा स्वतंत्र कायदा होईपर्यंत ही रक्कम राखीव खात्यात अडकवलेली होती. करारात ही अट घालायला विसरलात, तर पैसे जातील आणि खटले उरतील. त्या कायद्यातूनही 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांचे दावे वगळलेच गेले, म्हणजे ते उरलेच.

नाव निघाले की शस्त्रविक्री, मदत आणि जागतिक बँकेच्या कर्जांना होणारा अमेरिकेचा सक्तीचा विरोध यांतला यादीमुळे आलेला अडसर जातो. बाकीचे निर्बंध वेगळ्या कायद्यांखाली असतात. 2015 नंतरही क्यूबावरची व्यापारबंदी कायम राहिली. म्हणून अशा प्रत्येक निर्बंधाची यादी आधीच करा आणि त्यावर वेगळी बोलणी सुरू ठेवा. परदेशी बँका तर नाव निघाल्यावरही व्यवहार करायला कचरतात, तेव्हा काय खुले झाले याचा लेखी खुलासा अमेरिकेच्या अर्थखात्याकडून मागून घ्या.