लाटेकमधल्या आकृत्या आणि तक्ते: नियतकालिकाकडे पाठवण्याआधी

लाटेकमध्ये (कोड लिहून शोधनिबंध मांडायच्या प्रणालीत) काम करत असाल, तर आकृती काढायला बसण्याआधी नियतकालिकाच्या कॉलमची रुंदी पाहा. आयट्रिपलई या प्रकाशक संस्थेच्या दोन-कॉलमी साच्यात एक कॉलम 3.5 इंचांचा, दोन्ही मिळून 7.16 इंच, एल्सव्हियर या प्रकाशकाकडे तेच 90 आणि 190 मिलिमीटर. मॅटप्लॉटलिबचा (पायथनमधल्या आलेख काढायच्या लायब्ररीचा) आलेख मुळात 6.4 इंच रुंद असतो आणि त्यातली अक्षरं 10 पॉइंटची. तो 3.5 इंचांत बसवला की अक्षरं साडेपाच पॉइंटवर येतात आणि अक्षांवरचे आकडे वाचता येत नाहीत. म्हणून फिगसाइझमध्येच (आलेखाच्या मापाच्या सेटिंगमध्ये) 3.5 इंच रुंदी द्या, अक्षरं 8 पॉइंट ठेवा. सेव्ह करताना ‘टाइट’ पर्याय मात्र टाळा. तो कडा छाटतो, मग मोजून दिलेलं माप बदलतं. त्याऐवजी कन्स्ट्रेन्ड लेआउट वापरा, तो दिलेल्या मापातच सगळं बसवतो.

आलेख पीडीएफमध्येच द्या. छायाचित्राला 300 डीपीआय (दर इंचाला 300 पिक्सेल) लागतात, म्हणजे एका कॉलमसाठी 1050 पिक्सेल. रेषाचित्र पिक्सेलमध्येच द्यावं लागलं तर एल्सव्हियर 1000 डीपीआय मागतं.

एक खाचखळगा बहुतेकांना शेवटच्या दिवशी कळतो. मॅटप्लॉटलिब पीडीएफमध्ये टाइप 3 या प्रकारचे फॉन्ट घालतं आणि काही ठिकाणी फाइल त्यावरूनच परत येते. सेटिंगमध्ये पीडीएफचा फॉन्टटाइप 42 (म्हणजे ट्रूटाइप) करा, मग टर्मिनलवर पीडीएफफॉन्ट्स (फाइलमधले फॉन्ट दाखवणारी आज्ञा) चालवून खात्री करा.

तक्त्यांसाठी बुकटॅब्स पॅकेज. टॉपरूल, मिडरूल, बॉटमरूल या तीन आडव्या रेघा पुरतात. उभ्या रेघा घालू नका: बुकटॅब्स आडव्या रेघांच्या वर-खाली जागा सोडतं, त्यामुळे उभी रेघ तिथे तुटलेली दिसते. आकड्यांच्या रकान्याला एसआययुनिटएक्स या पॅकेजचा ‘एस’ प्रकार द्या, म्हणजे दशांशचिन्हं एकाखाली एक येतात. त्या रकान्याचं शीर्षक महिरपी कंसात ठेवा, नाहीतर पॅकेज ते शीर्षक आकडा म्हणून वाचायला जातं आणि एरर देतं.

तक्ता कॉलमबाहेर गेला की रिसाइझबॉक्सकडे (अख्खा तक्ता लहान करणाऱ्या आज्ञेकडे) हात जातो. तो वापरू नका. प्रत्येक तक्त्यात अक्षरांचा आकार वेगळा होतो आणि ते लगेच डोळ्यांत खुपतं. आधी एककं आकड्यांजवळून काढून शीर्षकात न्या, टॅबकॉलसेप (रकान्यांमधली जागा) 6 पॉइंटांवरून 4 वर आणा, मग अक्षरं फुटनोटसाइझ (तळटीपेच्या आकाराची) करून पाहा. तरीही बसला नाही तर तारांकित टेबल (नावापुढे * असलेलं टेबल एन्व्हायर्नमेंट) वापरून दोन्ही कॉलम घ्या. तारांकित आकृती-तक्ते सहसा पुढच्या पानाच्या माथ्यावर जातात, त्यामुळे त्यांचा कोड मजकुरात थोडा आधीच लिहा.

तक्त्याचं कॅप्शन वर, आकृतीचं खाली. लेबल (मजकुरातून संदर्भ द्यायची खूण) नेहमी कॅप्शननंतर. आधी लिहिलंत तर संदर्भात आकृतीच्या जागी विभागाचा क्रमांक छापला जातो. मधोमध आणायला सेंटरिंग वापरा, सेंटर एन्व्हायर्नमेंट नको, कारण ते वर-खाली जादा जागा घालतं.

फाइलींच्या नावांत मोकळी जागा किंवा देवनागरी अक्षरं नकोत. पाठवायच्या तेवढ्याच फाइली एका नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये कॉपी करून तिथे एकदा कंपाइल करा. राहून गेलेली आकृती तिथेच सापडते.