सोसायटीच्या सभेत सभासदाने कसं बोलावं

जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे विकास सोसायटीची, म्हणजे शेतीकर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थेची, वार्षिक सभा पोळ्याच्या आगेमागे लागते. कायद्याने ती 30 सप्टेंबरपर्यंत व्हायलाच हवी. समोरचे दोन-चार जण ‘मंजूर, मंजूर’ म्हणतात आणि चहा येतो. केळीचं कर्ज काढणाऱ्या आम्ही बायाही सभासद आहोत, म्हणून हे लिहिते.

खरं काम सभेच्या आधीच करायचं. 1960 च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम 32 प्रमाणे उपविधी (संस्थेचे स्वतःचे नियम), ताळेबंद, सभांची इतिवृत्तं आणि स्वतःचा खातेउतारा कार्यालयात फुकट पाहता येतो. नक्कल हवी तर फी भरून मिळते. तोंडी मागू नका. अर्ज दोन प्रतींत लिहा, आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. सचिव ‘उद्या या’ म्हणाला तरी पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.

ताळेबंदात आधी थकबाकी बघा, मग किरकोळ खर्च.

प्रश्न एकच विचारा, पण आकड्यासकट. शेजारणीला अनुमोदनासाठी आधीच तयार ठेवा, एकटीचा आवाज दाबला जातो. उत्तर मिळालं नाही तर ‘माझा प्रश्न इतिवृत्तात लिहा’ असं मोठ्याने सांगा.

एवढ्यानेही दाद लागली नाही, तर एक पंचमांश सभासदांच्या सह्यांनी विशेष सभा मागता येते. सह्या गोळा करायला संध्याकाळ बरी, तेव्हा माणसं मळ्यातून घरी आलेली असतात. आणि मत? दहा एकरवाल्याचं एक, दोन एकरवालीचंही एकच.