यीस्टचे स्ट्रेन ओळखायला निघालात? आधी डीएनए नीट मोजा

मुंबईत मायक्रोब्रुअरी वाढल्या तशी एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी त्यांचं यीस्ट मागणारी मुलंही वाढली. छान विषय आहे, जरूर घ्या. फक्त आयटीएस सीक्वेन्सिंगवर, म्हणजे डीएनएचा एक ठरावीक भाग वाचण्यावर, सगळे पैसे घालवू नका. त्यातून प्रजाती कळते, स्ट्रेन म्हणजे तिच्यातला नेमका वाण नाही. पेल एल असो वा स्टाउट, उत्तर बहुतेक एकच येणार: सॅकरोमायसिस सेरेव्हिसी.

कॉलेजच्या लॅबमध्ये झेपणारी पद्धत म्हणजे इंटरडेल्टा पीसीआर (पीसीआर म्हणजे डीएनएच्या हव्या तुकड्यांच्या असंख्य प्रती काढणं). या यीस्टच्या जीनोममध्ये टीवाय रेट्रोट्रान्सपोझॉनच्या (स्वतःच्या प्रती काढून जीनोममध्ये इतरत्र बसणाऱ्या डीएनएच्या) कडांना डेल्टा नावाचे तुकडे असतात. त्यांच्या जागा आणि त्यांच्यातली अंतरं स्ट्रेनगणिक बदलतात, म्हणून पीसीआरमध्ये निघालेले तुकडे जेलवर लांबीनुसार वेगळे केले की पट्ट्यांची रचना वेगळी उमटते. प्राइमर (प्रती कुठून सुरू करायच्या ते ठरवणारे छोटे डीएनए तुकडे) डेल्टा 12 आणि डेल्टा 21 हेच घ्या. 2003 साली आलेली ही जोडी जुन्या जोडीपेक्षा जास्त पट्ट्या देते.

आता खरी गोम. डीएनए कमी-जास्त पडला की एकाच स्ट्रेनच्या पट्ट्या दोन तऱ्हेच्या दिसतात. लांब तुकडे फिके होतात, कधी गायबच. तुम्ही म्हणाल, नॅनोड्रॉपवर (प्रकाश किती शोषला जातो त्यावरून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजूनच घालतो. मीही मोजूनच घालत होते! यीस्टमध्ये आरएनए भरपूर असतो आणि नॅनोड्रॉप तोही डीएनएतच धरतो. शुद्धता दाखवणारं 260/280 चं गुणोत्तर 2 च्या आसपास, दिसायला झकास. प्रत्यक्षात एका नळीत डीएनए पुरेसा, दुसरीत नावापुरता. यात माझं अख्खं सेमिस्टर गेलं, रडू यायचं. आरएनए तोडणारं आरनेज हे एन्झाइम घाला, मग फक्त डीएनए मोजणाऱ्या क्यूबिटवर मोजा. क्यूबिट नसेल तर काढलेला डीएनए आधी 0.8 टक्के अगारोजच्या जेलवर पळवा. वर एक ठळक पट्टी हवी. खाली धुरकट पट्टा दिसला तर तो आरएनए, पुढे जाऊच नका.

कॉलनी उकळून थेट पीसीआर लावायचा शॉर्टकट सिनिअर हमखास सुचवतात. या कामाला तो नकोच, डीएनए किती पडला ते कळतच नाही. ‘कंट्रोल (तुलनेसाठीचा ओळखीचा नमुना) एकदा लावला की झालं’ म्हणणाऱ्या गाइडशी नम्रपणे वाद घाला. पुण्याच्या एनसीआयएम या सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून एक ओळखीचा स्ट्रेन मागवा आणि प्रत्येक रनमध्ये लावा. त्याच्या पट्ट्या हलल्या तर ते जेल बाद.

घाबरू नका, डीएनए स्वच्छ झाला की पट्ट्या पुन्हा पुन्हा तशाच येतात. मात्र दोन नमुने हुबेहूब दिसले म्हणून स्ट्रेन एकच, असं थिसिसमध्ये लिहू नका. ‘या पद्धतीने वेगळे करता आले नाहीत’ इतकंच लिहा आणि मायक्रोसॅटेलाइट (डीएनएमधले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) तपासायला घ्या.